क्षणांत धरणारा गोंद आणि लाकडी पट्टीचा कोपरा



गणेशोत्सव जवळ येऊं लागला, कीं बोरीवलीसारख्या उपनगरांतील अनेक घरांत सुतारकामाची हौस जागी होते. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरहि बंदी घातली; तेव्हांपासून पुठ्ठा, कापड, बांबू आणि लाकडी पट्ट्या यांच्या मखरांकडे पुष्कळांचें लक्ष पुन्हां वळलें. पट्ट्या आणावयाच्या, पंचेचाळीस अंशांत कापावयाच्या आणि चौकटीचे कोपरे जुळवावयाचे, येथवर सर्व ठीक चालतें. पण कोपरा जोडावयाचा कशानें, हा प्रश्न आला म्हणजे घरांतील कोणीतरी बोटाएवढी नळी पुढें करतो आणि म्हणतो, "ह्याचे दोन थेंब पुरेत; अर्ध्या मिनिटांत काम होतें." फेव्हिक्विक ह्या नांवानें आपल्याकडे घरोघर ओळखला जाणारा हा गोंद. रसायनशास्त्रांत त्याला सायनोॲक्रिलेट म्हणतात. अर्ध्या मिनिटांत काम होतें हें खोटें नाहीं. मात्र कोणतें काम होतें आणि कोणतें होत नाहीं, हें जाणून घेतलें नाहीं, तर ज्या मखरांत मूर्ति बसते त्याचाच कोपरा ऐन आरतीच्या वेळीं सुटण्याचा संभव असतो. दाराभोंवतीच्या पट्ट्या, तसबिरीच्या चौकटी, भिंतीच्या तळाशीं बसविलेल्या पट्ट्या यांनाहि हीच गोष्ट लागू आहे.

आधीं जुन्या गोंदांकडे पाहूं. आपल्या सुतारांचा पूर्वापार गोंद म्हणजे सरस. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून तो करितात. कामाच्या आधीं तो पाण्यांत भिजवावा लागतो, मग पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून मंद आंचेवर वितळवावा लागतो, आणि गरम असतांनाच लावावा लागतो. झटपट धरणें हा गुण नव्या युगाचाच आहे, असें मानणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें, कीं गरम सरस लावलेले दोन तुकडे एकमेकांवर घासून दाबले म्हणजे सरस निवतां निवतां थोड्याच वेळांत ते जागच्या जागीं धरतात. दमट हवा ही मात्र त्याची वैरीण. तींत तो मऊ पडतो आणि त्याला बुरशी येते. १९५९ सालीं बळवंत पारेख यांनीं फेव्हिकोल हा तयार, पांढरा गोंद बाजारांत आणला, आणि सुताराच्या हत्यारांतून सरसाचें भांडें हळूहळू नाहींसें झालें. त्या कंपनीचें कार्यालय आपल्याच उपनगरी लोहमार्गावर, अंधेरीस आहे.

पांढऱ्या गोंदांत पॉलिव्हिनिल ॲसिटेट नांवाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. गोंद लाकडाला लावला, कीं त्यांतील कांहीं पाणी लाकूड पितें, कांहीं हवेंत उडून जातें, आणि उरलेले कण एकमेकांस भिडून एकजीव होतात. म्हणजे ह्या गोंदाचें बसणें हें पाणी निघून जाण्यावर अवलंबून आहे. बोरीवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पश्चिमेस खाडी. श्रावणांत हवा पाण्यानें जड झालेली आणि लाकूड आधींच ओलावलेलें. अशा वेळीं गोंदांतील पाणी जाणार कोठें? उन्हाळ्यांत अर्ध्या-पाऊण तासांत जो सांधा शिकंजांतून मोकळा करितां येतो, त्याच्याजवळ पावसाळ्यांत कित्येक तास जाऊं नये हें बरें. घरीं बसून मखर करणाऱ्यापाशीं ना तितके शिकंजे, ना तितका धीर. म्हणूनच तो नळीकडे वळतो.

नळींतील गोंदाची तऱ्हा अगदीं उलटी आहे. तो पाणी जाण्याची नव्हे, पाणी येण्याची वाट पाहतो. ह्याचा शोध मोठ्या गमतीनें लागला. १९४२ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनज्ञ हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत होते. हातीं आलेला एक पदार्थ ज्याला लागे त्याला चिकटे; कामाला अडथळा म्हणून त्यांनीं तो बाजूस सारला. पुढें १९५१ सालीं त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनीं प्रकाशाचें वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणांत दोन लोलकांच्या मध्यें ह्याच पदार्थाचा पातळ थर दिला, आणि ते किंमती लोलक एकमेकांना जे जुळले ते सुटेनात. अवगुण हाच गुण आहे हें तेव्हां ध्यानांत आलें. १९५८ सालीं हा गोंद विक्रीस आला.

नळींत ह्या पदार्थाचे रेणु सुटेसुटे असतात, आणि ते तसेच राहावेत म्हणून त्यांत आम्लाचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. कोणत्याहि वस्तूच्या पृष्ठभागावर हवेंतील ओलाव्याचा एक डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसलेला असतो. थेंब दोन पृष्ठभागांच्या मध्यें पातळ पसरला, कीं हा ओलावा आम्लाचा अडसर दूर करतो आणि रेणूंच्या साखळ्या भराभर जुळूं लागतात. "गोंद सुकला" असें आपण म्हणतों, पण येथें सुकण्याचा संबंधच नाहीं. द्रवाचें घनांत रूपांतर होतें इतकेंच. थर जितका पातळ, तितकें हें लवकर होतें. जाड थेंब मात्र आंत कच्चाच राहतो, कारण ओलावा त्याच्या पोटापर्यंत पोंचत नाहीं. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती हा समज ह्या गोंदाच्या बाबतींत सर्वथा चुकीचा आहे.

मग कोणी विचारील, बोरीवलीच्या दमट हवेंत तर हा गोंद सर्वत्र उत्तम धरावयास हवा. असें असतां काचेला क्षणांत धरणारा हा गोंद सागाच्या पट्टीवर मिनिट-मिनिट कां रेंगाळतो? त्याचें उत्तर लाकडाच्या स्वभावांत आहे. बहुतेक लाकडें किंचित् आम्लधर्मी असतात, म्हणून ओलावा जो अडसर काढूं पाहतो तो लाकूड पुन्हां घालतें. सागवानांत शिवाय तेलकट द्रव्यें असतात. वाळवी त्याला सहसा लागत नाहीं ह्याचें श्रेय ज्या द्रव्यांना, तींच येथें गोंदाच्या आड येतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे कोपऱ्याचा कापच. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापली, कीं लाकडाच्या नळ्यांचीं तोंडें तिरकीं उघडीं पडतात. झाडांत ज्या नळ्या मुळांपासून शेंड्याकडे पाणी नेत होत्या, त्याच आतां पातळ गोंद आंत ओढून घेतात. थेंब लावला, दाबला, आणि उघडून पाहिलें तर दोन्ही तोंडें जवळजवळ कोरडीं!

ह्या अडचणींवर दोन उपाय आहेत. पहिला, पाण्यासारखा पातळ गोंद न घेतां मधासारखा दाट किंवा जेलच्या रूपांतला घेणें. तो नळ्यांत सहसा शिरत नाहीं. दुसरा, ॲक्टिव्हेटर नांवाचा फवारा. ह्यांत लवकर उडून जाणाऱ्या द्रावकांत अल्कधर्मी द्रव्य विरघळविलेलें असतें. लाकडाच्या आम्लावर तें मात करितें आणि गोंद दहा-पंधरा सेकंदांत धरतो. फवारा एका तोंडावर आणि गोंद दुसऱ्या तोंडावर, हा नियम मोडूं नये. फवारलेल्या जागेवरच गोंद घातला, तर तो जुळणीपूर्वींच घट्ट होतो. आणि फवारा फार झाला तर गोंद फसफसून पांढरा व ठिसूळ बनतो. सागाचें तोंड आधीं ॲसिटोनच्या बोळ्यानें पुसून घेतलें तर वरवरचें तेल निघतें. मात्र पुसल्यावर लगेच जोडावें, कारण आंतलें तेल पुन्हां वर येतें.

आतां मुख्य मुद्दा. हा गोंद सांध्याचा मालक नव्हे. सांधा सुटूं न देणारा मदतनीस आहे. सुतार एकटा असला म्हणजे दुसऱ्याला म्हणतो, "जरा धर रे." तें धरण्याचें काम ह्या गोंदाला द्यावें, आणि कायमच्या जोडणीचें काम पांढऱ्या गोंदाला.

त्याची रीत अशी. कोपरा प्रथम गोंदाशिवाय जुळवून पाहावा, गुण्या लावून काटकोन तपासावा आणि उजेडासमोर धरून फट दिसते का तें पाहावें. कागदाच्या जाडीहून मोठी फट असेल तर गोंदाकडे न जातां पुन्हां रंध्याकडे किंवा काचकागदाकडे जावें. फट बुजविण्यासाठीं खाण्याचा सोडा भरून त्यावर पातळ गोंदाचा थेंब टाकण्याची एक युक्ति लोकप्रिय आहे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळें तेथें क्षणांत दगड बनतो हें खरें, पण तो पांढरा डाग पॉलिशखालीं आयुष्यभर दिसतो. माझें मत विचाराल तर रंगाच्या कामांत ती चालेल, पॉलिशच्या कामांत मुळींच नाहीं.

जुळणी मनाजोगी झाली म्हणजे दोन्ही तोंडांना पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यावा आणि चार-पांच मिनिटें थांबावें. नळ्यांचीं तोंडें त्यानें बंद होतात. मग पुन्हां पांढरा गोंद लावावा, पण दोन ठिकाणीं वाटाण्याएवढी जागा पुसून कोरडी सोडावी. ह्या दोन जागीं एका तोंडावर जेलचा थेंब, समोरच्या तोंडावर फवाऱ्याचा अगदीं हलका हात. दोन गोंद एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. पांढऱ्या गोंदांत पाणी असतें, तें लागतांच जेल जागच्या जागीं घट्ट होईल आणि तोंडें नीट मिटणार नाहींत. फवाऱ्याचा द्रावक उडून जाण्यास कांहीं सेकंद द्यावेत, मग दोन्ही तुकडे सरळ एकमेकांवर आणून दाबावेत. सरकवून जुळवूं म्हणाल तर तेवढी सवड मिळत नाहीं. म्हणूनच गोंदाशिवायची एक रंगीत तालीम आधीं झालेली बरी. अर्धा मिनिट दाबून ठेवलें, कीं पट्टी हातांतून सोडतां येते आणि दुसरा कोपरा हातीं घेतां येतो. मात्र तिच्यावर भार चोवीस तास टाकूं नये. मागून एखादी बारीक बिनटोपीची चूक मारली, किंवा कोपऱ्यांत आडवी खाच पाडून लाकडाची चीप बसविली, तर आणखी उत्तम. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतांतील लाकडी फासळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत त्या लाकडाच्या आणि बसवणीच्या गुणावर, हें ज्याला ठाऊक आहे तो गोंदावर सर्वस्वी विसंबणार नाहीं.

इतकें सर्व करूनहि पुष्कळदां कोपरा उघडतो, आणि मग गोंदाला किंवा सुताराला दोष दिला जातो. येथें थोडें गणित केलें तर दोष कोणाचा तें कळतें. लाकूड लांबींत जवळजवळ बदलत नाहीं, रुंदींत मात्र हवेबरोबर फुगतें आणि आकसतें. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या सुमारास असली तर लाकडांत वजनाच्या सुमारें १२ टक्के पाणी राहतें. ती ८५ टक्क्यांवर गेली, आणि आपल्याकडे जुलैंत ती जाते, तर हळूहळू तें १७ टक्क्यांपर्यंत चढतें. साग हें फार कमी हलणारें लाकूड. तरी ज्या दिशेनें तें अधिक हलतें त्या दिशेनें, पाणी एक टक्क्यानें वाढलें कीं रुंदी एका टक्क्याच्या पंचमांशाइतकी वाढते. पांच टक्क्यांना एक टक्का. म्हणजे दाराभोंवतीची तीन इंची, ७६ मिलिमीटरांची पट्टी पाऊण मिलिमीटर रुंदावते. लांबी तीच राहून रुंदी वाढली, म्हणजे पंचेचाळीस अंशांचा काप पंचेचाळीसाचा राहत नाहीं, आणि दोन्ही बाजूंची चूक मिळून कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकाशीं सुमारें एक मिलिमीटरची फट पडूं पाहते. पोस्टकार्ड सहज जाईल एवढी!

ह्यावरून एक उपयुक्त खूण मिळते. उन्हाळ्यांत केलेला कोपरा पावसाळ्यांत बाहेरच्या टोकाशीं उघडला, तर लाकूड फुगलें असें समजावें. पावसाळ्यांत केलेला कोपरा पौष-माघांत आंतल्या टोकाशीं उघडला, तर लाकूड आकसलें. आणि फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असेल, तर मात्र लाकडाला बोल न लावतां काप किंवा गोंद तपासावा. पहिल्या दोन प्रकारांत जगांतील कोणताहि गोंद भरून कायमचा इलाज होत नाहीं. ऋतु बदलला कीं नवी भरणीच लाकडाला चिरडते.

झटपट गोंदाची येथें विशेष अडचण होते. घट्ट झाल्यावर तो कांचेसारखा ताठ होतो. सरळ ओढीला तो चांगला टिकतो; परंतु सोलून काढणाऱ्या ओढीला, धक्क्याला आणि वर्षानुवर्षांच्या सावकाश हालचालीला तो फार कच्चा. पांढरा गोंद थोडी लवचीकता राखतो. म्हणून केवळ नळीवर जोडलेली रुंद पट्टी पहिल्या पावसाळ्यांतच टक्‌कन् सुटण्याची भीति असते. इलाज करावयाचे ते आधीं करावेत. पट्ट्या ज्या खोलींत बसवावयाच्या त्याच खोलींत आठ-दहा दिवस मोकळ्या ठेवाव्यात. पॉलिशचा हात पुढल्या बाजूला देतांना मागची बाजूहि सोडूं नये. ती कोणाला दिसत नाहीं, पण हवेला दिसते. आणि शक्य तेथें पट्टी अरुंद घ्यावी. एक इंची पट्टीची फट तीन इंचीच्या तिसऱ्या हिश्शाची. दाराभोंवती रुंद पट्टीच हवी असेल, तर तिरक्या कोपऱ्याचा हट्ट सोडून वरची पट्टी दोन उभ्या पट्ट्यांवर सरळ आडवी बसवावी. अशा सांध्यांत लाकूड हललें तरी डोळ्यांत भरणारी पाचर उघडत नाहीं. ही साधी पद्धति आज मागासलेली समजली जाते, हें मला तरी पटत नाहीं.

मखराची गोष्ट थोडी निराळी आहे. दीड दिवस, पांच दिवस किंवा दहा-अकरा दिवसांपुरत्या हलक्या, अरुंद पट्ट्यांच्या चौकटीला नुसता झटपट गोंद पुरतो. पण दोन पथ्यें पाळावींत. हा गोंद ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास मऊ पडूं लागतो. निरांजन किंवा समई कमानीच्या खालीं ठेवली, तर ज्योतीच्या वरचा कोपरा तेवढा सहज तापतो. दिवे पुढें, मोकळ्या जागीं ठेवावेत. आणि मूर्तीच्या डोक्यावर येणारी आडवी पट्टी, घंटा किंवा तोरण ज्याला टांगावयाचें तो भाग, नुसत्या गोंदावर कधींहि सोडूं नये. तेथें स्क्रू हवाच.

पॉलिशच्या कामांत आणखी एक त्रास होतो. जोडणी झाल्यावर कांहीं वेळानें सांध्याभोंवतीं पांढुरकें धुकें उमटतें. गोंदाची वाफ हवेंतील ओलाव्याशीं भेटून जवळच्या पृष्ठभागावर बसते, त्याचा हा परिणाम. गुन्ह्याच्या तपासांत बोटांचे अदृश्य ठसे उमटविण्यासाठीं ह्याच वाफेचा उपयोग करितात. आपल्याला ठसे नको असतील तर गोंद थोडा वापरावा आणि खिडकी उघडी ठेवावी. दमेकऱ्यांनीं आणि लहान मुलांनीं त्या वाफेपासून दूर राहावें, हें तर आलेंच.

आणि आतां जें सर्वांत जपावयाचें, तें. कापूस किंवा सुती चिंधीवर हा गोंद सांडला तर रेणूंच्या साखळ्या इतक्या वेगानें जुळतात, कीं कापड तापून धूर निघतो आणि खालची कातडी भाजते. म्हणून सांडलेला गोंद सुती फडक्यानें पुसूं नये, आणि सुती हातमोजे घालून हें काम करूं नये. बोटें चिकटलीं तर हिसका देऊन ओढूं नयेत. कोमट साबणाच्या पाण्यांत बुडवून हळूहळू लाटल्यासारखीं सोडवावींत. नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोनयुक्त द्रव्य बोटांना चालतें, डोळ्यांजवळ व तोंडाजवळ मुळींच नाहीं. डोळ्यांत थेंब उडाला किंवा पापण्या चिकटल्या, तर जबरदस्तीनें उघडूं नयेत. कोमट पाण्यानें धुवत राहावें आणि तत्काळ नेत्रवैद्याकडे जावें. ह्या गोंदाचीं भावंडें शल्यवैद्य जखमा मिटविण्यासाठीं वापरतात, आणि अमेरिकेंत अशा एका गोंदाला १९९८ सालीं मान्यता मिळाली, ही गोष्ट खरी. पण तो निराळ्या घडणीचा व निर्जंतुक केलेला असतो. पट्टी कापतांना बोट कापलें, तर नळी बाजूला ठेवून पाणी आणि पट्टी शोधावी.

राहतां राहिली नळीची निगा. तिला बिघडविणारा तोच, ओलावा. न उघडलेली नळी घट्ट डब्यांत घालून शीतकपाटांत ठेवावी, मुलांच्या हातीं लागणार नाहीं आणि औषधांच्या शेजारीं येणार नाहीं अशा बेतानें. डोळ्यांच्या औषधाची कुपी आणि ही नळी अंधुक उजेडांत सारख्याच दिसतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतेवर आल्याशिवाय उघडूं नये, नाहींतर थंड तोंडावर दंव धरून आंतला गोंद बिघडतो. काम संपल्यावर तोंडाशीं राहिलेला थेंब कागदानें टिपून टोपण लावावें आणि नळी उभी ठेवावी. आणि पूर्वीं पातळ असलेला गोंद तारा सुटण्याइतका दाट झालेला दिसला, तर त्यानें पट्टी जोडण्याचा मोह टाळून नवी नळी आणावी.